डफ गावाचा, ढोलकी आपली

(एका युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलीतलं बोलीतच ठेवलं आहे.)



पत्रिकेवर माझ्या नावाच्या आधी तुम्ही 'ज्येष्ठ कलावंत' असं छापलंय. ते पहिलं खोडून टाका. मी बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, लग्नाचे फलक, निवडणुकीच्या भिंती आणि चळवळीचे बॅनर रंगवण्यात माझी हयात गेली. पहिल्या तिघांनी पोट भरलं, चौथ्याने घरी पोलीस आणले. मग फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात वाळून गेले. असो. रडगाणं गायला आलो नाही.

तुम्ही विषय दिलाय, 'कला कशासाठी आणि कलांनी एकत्र का यायचं?' विषय गोंडस आहे. असल्या विषयांवर गारेगार हॉलमध्ये परिसंवाद झडतात आणि जेवणाच्या सुट्टीत खरकटी ताटं उचलणारा माणूस आपला असतो. मला तसलं बोलता येत नाही. माझ्या हाताने जे केलं आणि जे चुकलं, तेवढंच सांगतो.

सकाळच्या गटचर्चेत एक पोरगा उठला आणि म्हणाला, "काका, वस्तीला आग लागल्यावर बादली घ्यायची का पेटी?" सगळे हसले. मी हसलो नाही. प्रश्न खरा आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. त्या गोळ्या कुठल्या गाण्याने अडवल्या नाहीत. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, तिथे कुठली कविता आडवी पडली नाही. कविता गोळी अडवते असं जो म्हणतो, तो थापा मारतो. आग लागल्यावर बादलीच घ्यायची.

पण मला एक सांगा, बादल्यांची रांग कशी लागते? शेजारच्या खोलीतला माणूस आपल्या हाकेला धावून येतो, तो त्याच दिवशी ओळख करून घेतो का? तो आधी कधीतरी आपल्याबरोबर बसलेला असतो, हसलेला असतो, रडलेला असतो. कुठे बसलेला असतो? आमच्या वेळी तो जलशात बसायचा. पेटी आगीच्या आधी लागते, बाबा. आणि आगीनंतरही लागते, कारण आग लावणाऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून खोटं बोलायला सुरुवात केलेली असते.

आता माझ्या घरातली गोष्ट.

माझा आजा नगर जिल्ह्यातल्या एका गावचा येसकर. गावची दवंडी द्यायची, मयताचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. दवंडीला त्याच्याकडे डफ होता. तो डफ असा घुमायचा म्हणे, की शिवारातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. पण ह्याच्या हातात कला आहे, असं गावात कुणी म्हटलं नाही. बैलाच्या खांद्यात कला आहे असं कोण म्हणतं? १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली. आजा नागपूरला गेला नव्हता, पण बातमी आली तशी त्याने गावकीची कामं सोडली आणि डफ नदीत फेकून दिला.

माझा बा तेव्हा मुंबईत. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहायचा, गोदीत राबायचा आणि रात्री जलशात ढोलकी वाजवायचा. आजा मुंबईला आला, भिंतीला टांगलेली ढोलकी बघितली आणि खवळला. म्हणाला, "कातडं सोडलं आपुन. तू कशापायी कवटाळून बसलास?" बा म्हणाला, "डफ गावाचा व्हता. ढोलकी माझी हाय."

ह्या एका वाक्यावर मी आयुष्यभर विचार करतोय. चामडं तेच, हात तोच. डफावर थाप पडायची ती पाटलाच्या हुकमाने, आणि तोंडातला शब्दही गावाचा. ढोलकीवर थाप पडली ती आपल्या मनाने, आणि शब्द आपल्या माणसाचा. कला कशासाठी, ह्याचं माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे. आपल्या हातांना हजारो वर्षं दुसऱ्याच्या कामाला जुंपलं. त्या हातांनी कुणाच्या हुकमाशिवाय, कुणाच्या भाकरीशिवाय काहीतरी केलं, की तो हात आपला होतो. ज्यांनी वाद्यं फेकली ते चुकले असं मी म्हणत नाही. आजाच्या जागी मी असतो तर मीही फेकला असता. पण फेकणं जसं बंड होतं, तसं बाचं वाजवणंही बंडच होतं.

आणि बा एकटा नव्हता. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. पुढे सत्यशोधकांनी तमाशाचाच सांगाडा घेऊन जलसे उभे केले. आंबेडकरी जलशांनी तो सांगाडा आणखी झाडून घेतला. गणात गणपती नको, गवळणीत कृष्णाचा चावटपणा नको, वगात राजाराणी नकोत. आत आलं काय, तर पाणवठा, सावकार, दारू, पोरांची शाळा, चवदार तळं, काळाराम मंदिर. भीमराव कर्डकांनी त्या जलशांवर पुस्तक लिहून ठेवलंय, १९७८ साली निघालं, मिळेल तिथून वाचा. बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला १९२० साली, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. पण वाचणारे किती होते आपल्यात? छापलेला शब्द वस्तीत शिरायचा तो ढोलकीच्या आणि सोंगाड्याच्या खांद्यावर बसून. सोंगाड्याने हसवलं की माणूस सैल व्हायचा, आणि सैल झालेल्या माणसाच्या आत मुद्दा उतरायचा.

वामनदादा कर्डकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मुंबईला आले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. कुणीतरी पत्र वाचायला दिलं, वाचता येईना, लाजेने रडू आलं. मग अक्षरओळख करून घेतली आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले, असं सांगतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट ऐकून काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. कुठल्या तरी पेंटरने भर उन्हात शिडीवर उभं राहून सूत मारून लिहिलेली पाटी, आणि तिच्यातून उभा राहिला हजारो गाण्यांचा कवी. त्या पेंटरला पत्ताही नसेल. कलांनी एकत्र यायचं का, म्हणून विचारता? अरे, त्या कधीच्या एकत्र आहेत. आपल्याला दिसत नाही.

का दिसत नाही? बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त सांगितलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हेच कलेला लावून बघा. हलगी मांगाची. संबळ गोंधळ्याचं. नाच कोल्हाटणीचा. चित्र दाखवत गाणं गायचं, बाहुल्या नाचवायच्या, ते पिंगुळीच्या ठाकरांचं. आणि शब्द, पोथी, अर्थ सांगणं? ते वरच्यांचं. ज्याला हात लावायला कातडं, माती, घाम लागतो, ते खाली. ज्याला काही लागत नाही, ते वर. ही कलेतली जातच झाली. आजही प्रस्थापितांचं बघा. साहित्याचं संमेलन वेगळं, नाटकाचं वेगळं, चित्रकारांची गॅलरी वेगळी आणि लोककलावंत म्हटला की उद्घाटनाला फेटा बांधून तुतारी फुंकायला. फुंकून झाली की त्याला चहा मागच्या दाराला.

ते लोक असंच करणार. त्यांचं मला नवल नाही. पण आपण?

इथे मला माझी चूक सांगायचीय. १९८४ साल. भीमजयंतीला आमच्या मंडळाने कवितेचा आणि गाण्याचा एकत्र कार्यक्रम ठरवला. कवी माझा दोस्त. तेव्हा आम्ही सगळे कवितेने पेटलेले. 'गोलपिठा' खिशात घेऊन फिरायचो. बॅनर रंगवायचं काम माझ्याकडे. पांढरं मांजरपाट, निळीच्या पुड्या, सरस. मी कवीचं नाव फूटभर अक्षरांत लिहिलं, लाल सावली देऊन. खाली कोपऱ्यात पेंटर म्हणून माझी सही ठोकली. आणि ढोलकी, पेटी, टाळ वाजवणाऱ्यांसाठी लिहिलं, 'आणि साथीदार'. ढोलकीवर माझा बा होता.

बाला वाचता येत नव्हतं. बॅनर ओला असताना तो आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "माझं नाव कुठशी हाय रं?" मी गडबडलो. 'साथीदार' ह्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे बघ." बाने त्यावरून बोट फिरवलं. निळा रंग बोटाला लागला. तो खूश होऊन चाळीत गेला. रात्री कुणीतरी वाचता येणाऱ्याने त्याला सांगितलं असणार. सकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "साथीदार म्हंजी कोन रं?" एवढंच. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

अर्ध्या मुंबईच्या पाट्या रंगवल्या, पण बापाचं नाव लिहायला मला जागा मिळाली नाही. हे कुठल्या ब्राह्मणाने मला करायला लावलं नव्हतं. माझ्याच डोक्यात उतरंड बसली होती. कवी वर, पेंटर मध्ये, ढोलकी खाली.

कार्यक्रमही पडला. पडणारच होता. कविता झाली की गाणं, गाणं झालं की कविता. बा दीड तास मांडीवर ढोलकी घेऊन बसला आणि वीस मिनिटं वाजवला. एका स्टेजवर शेजारी शेजारी बसवलं म्हणून कला एकत्र आल्या असं होत नाही. गावातसुद्धा सगळ्या जाती शेजारी शेजारीच राहतात की.

पुढच्या वर्षी आम्ही वेगळं केलं. महिनाभर रोज रात्री आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसलो. कवी कविता म्हणायचा, बा ऐकायचा. पहिल्या रात्री बाने विचारलं, "तू श्वास कुठं घेतोस?" कवीला उत्तर देता येईना. मुक्तछंद लिहिणाऱ्याने श्वासाचा हिशेब कधी केला नव्हता. बा म्हणाला, "तू श्वास घेशील तितं मी बोलंन. तू बोलशील तितं मी गप." तसं करून बघितलं. आणि गंमत अशी झाली, की जिथे ओळ पोकळ होती तिथे बाचा हात आपोआप थांबायचा. त्याला अर्थ नाही कळायचा सगळा, पण पोकळ काय ते कळायचं. कवीने एक तृतीयांश ओळी उडवल्या. आधी चिडला. मग म्हणाला, "च्यायला, हा तर संपादक आहे."

माझी आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायची. एकदा मान वर न करता म्हणाली, "उद्ध्वस्त म्हंजी काय रं? आमची झोपडी पाडली तवा आमी 'मोडली' म्हनलं." कवितेतून 'उद्ध्वस्त' गेलं, 'मोडली' आलं. ती ओळ म्हटली की मैदानात बायका पदर डोळ्याला लावायच्या.

आणि माझं काम? मागे कापडावर कवितेतले शब्द रंगवायचे होते. कापड सहा हात. लांबून दिसायचं तर चारच शब्द मावत होते. कवी म्हणाला, "निदान दहा तरी घे." मी म्हणालो, "चौथ्या रांगेतल्या म्हातारीला दिसले पाहिजेत." कुठले चार, ह्यावर दोन रात्री भांडण झालं. कवितेत नेमकं काय म्हणायचंय ते कवीला त्या भांडणात कळलं, असं तोच पुढे सांगायचा. मीही शिकलो. बाचं बघून शिकलो, की मोकळी जागा सोडणं हेही काम असतं. आधी मी कापडाचा कोपरान् कोपरा फुलं आणि नक्षी काढून भरून टाकायचो.

बॅनरवर सगळी नावं एकाच उंचीच्या अक्षरांत लिहिली, अनुक्रमाने. आईचंही लिहिलं. ती लाजली, पण पुसू नको म्हणाली नाही. बाचं नाव लिहून झाल्यावर मी ब्रश त्याच्या हातात दिला आणि वरची रेघ त्याच्याकडून ओढून घेतली. रेघ वाकडी आली. ती मी सरळ केली नाही.

मित्रांनो, हे सांगण्यामागे माझा मुद्दा आहे. एका कलेने दुसरीला सजवायचं, ह्याला मी एकत्र येणं म्हणत नाही. एकीने दुसरीपुढे काहीतरी सोडायचं. कवीने ओळी सोडल्या, मी नक्षी सोडली. आणि बाने काय सोडलं? सारखं वाजवत राहायची सवय सोडली, जी जलशात टाळ्या घ्यायची. ज्या संगतीत एकच माणूस सोडतो आणि दुसरा नुसता घेतो, ती संगत म्हणजे बलुतेदारी.

म्हणून अटी बघून हात मिळवा. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूराव तमाशाच्या उत्पन्नातून मदत द्यायला निघाले होते आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असं त्यांच्या चरित्रात येतं. महारांच्या बायका नाचवून जमवलेला पैसा चळवळीला नको होता. बापूराव मोठे कवी होते, ब्राह्मण असून फडात उतरले होते, सगळं कबूल. पण फडात कोण नाचतं, कोण लिहितं आणि गल्ला कोण मोजतं, हा प्रश्न बाबासाहेबांना दिसला. आज कुणी तुमचं गाणं मागायला आलं, सिनेमाला, महोत्सवाला, कुठेही, तर हाच प्रश्न विचारा. आणि आपल्या जलशांनाही विचारा, की बायकांचं सोंग पुरुष घ्यायचे, मग आपल्या बायका कुठे होत्या? आज औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि पोरांच्या मोबाइलमधून गावोगाव पोचतात. त्यांना कुठल्या सोंगाची गरज पडली नाही.

चांगल्या संगतीचेही दाखले आहेत. पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या ब्लॅक पँथरच्या वर्तमानपत्रात एमोरी डग्लस नावाचा चित्रकार होता. छपाईची कामं तो पोरवयात सुधारगृहाच्या छापखान्यात शिकला. पक्षाने त्याला संस्कृतिमंत्री केला. त्याची चित्रं पेपरात छापून यायची आणि तीच भिंतींवर चिकटायची, कारण वस्तीत सगळ्यांना लेख वाचता येत नव्हते. आमच्या जलशाचीच रीत झाली ही, नाही का?

विलास घोगरे बघा. 'हमारा शहर' ह्या १९८५ च्या माहितीपटात हा शाहीर गाताना दिसतो. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चार दिवसांनी त्याने गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी तिथून कॅमेरा धरला तो १४ वर्षं, आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. गाणाऱ्याचा आवाज त्या गाण्यांसकट पुढच्या पिढीसमोर आला. सकाळच्या पोरा, गोळी अडली नाही हे खरं, पण ती गोळी विसरायचीही कुणाला सोय राहिली नाही.

नागराज मंजुळ्यांच्या 'फँड्री'त, २०१३ सालच्या, डुक्कर खांद्यावर घेऊन निघालेलं कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जातं आणि भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. लोक ते दृश्य बघून दिग्दर्शकाचं कौतुक करतात, करायलाच पाहिजे. मला मात्र थिएटरात बसल्या बसल्या एवढंच वाटलं, की अशा भिंती रंगवण्यात माझ्यासारख्या किती जणांची आयुष्यं गेली. आमची ती भिंत सिनेमाच्या पडद्यावर चढली.

आता शेवटचं. तुमच्या शिबिरातून तीन कामं घेऊन जा. एक, कार्यक्रमाच्या फलकावर, आता तो फ्लेक्स असो नाहीतर मोबाइलवर फिरणारं चित्र असो, 'आणि साथीदार' हा शब्द पुन्हा लिहायचा नाही. प्रत्येकाचं नाव, एकाच उंचीत. मानधनही त्याच मापाने. दोन, कवींनी महिनाभर वादकाच्या पायाशी बसायचं. थाप शिका, बोटं सुजू द्या. वादकाने, पेंटरने आपलं म्हणणं लिहून काढायचं, अक्षर वाईट असलं तरी चालेल. तीन, वस्तीत जे म्हातारे शाहीर, सोंगाडे, ढोलकीवाले उरलेत, त्यांचा आवाज हातातल्या फोनवर भरून ठेवा. हार घालून सत्कार करू नका. चाली विचारा, पाठांतर विचारा, भांडणंसुद्धा विचारा.

माझा बा गेला, त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या हातचं एकही वाजवणं कुणी भरून ठेवलेलं नाही. मीही नाही. उरलंय एक सहा हात मांजरपाट, त्यावर निळीत लिहिलेली नावं आणि एका नावावरची वाकडी रेघ. ते मी आज बरोबर आणलंय. मागे टांगलंय. जाताना जवळ जाऊन बघा, आणि सगळी नावं मोठ्याने वाचा.

जयभीम.